हळदीच्या बेण्यातलं ग्रीक

पत्र : मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. माझं हे दुसरं वर्ष. वर्गात ऐंशी मुलं, त्यातली साठेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. प्रत्येक धड्यात पन्नास-साठ नवे इंग्रजी शब्द येतात. मी शब्द फळ्यावर लिहिते, व्याख्या सांगते, स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून आणायला लावते. मुलं आणतातही. पण पहिल्या घटक चाचणीत निम्म्या वर्गाने मायटोसिसच्या जागी मिऑसिस लिहिलं, काहींनी तर ऑस्मोसिस. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली एक मुलगी आता वर्गात तोंड उघडत नाही, आर्ट्‌सला जाते म्हणते. विज्ञानाच्या तासाला मराठी नको, असा प्राचार्यांचा आग्रह आहे. मी मराठीत समजावलं तर मुलांचं नुकसान होईल का? आणि हे शब्द टिकावेत म्हणून नेमकं काय करू?
– एक शिक्षिका

ताई, सप्रेम नमस्कार.

साठ मुलं रात्री बसून एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहून आणतात, हे वाचून आधी त्यांचं कौतुक वाटलं आणि मग वाईट वाटलं. एवढा कष्टाळू वर्ग सगळ्यांना मिळत नाही. पण ते कष्ट नुसते हाताला पडतायत. तिसऱ्या ओळीनंतर मूल शब्द वाचतच नाही, वरच्या ओळीची नक्कल करत जातं. हा गृहपाठ आजपासून बंद करा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. मराठीने नुकसान होत नाही. हे मी चूक करून शिकले आहे.

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. पहिली चार-पाच वर्षं तासाला मराठीचा शब्द येऊ द्यायचा नाही, असा माझाच नियम होता. एका वर्षी प्रात्यक्षिकाला ऱ्हिओच्या जांभळ्या पानाची साल मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची होती. तोंडी परीक्षेत एका मुलाला मी इंग्रजीत विचारलं, काय दिसतंय? तो खाली मान घालून उभा राहिला. मी शून्य गुण दिले. थोड्या वेळाने तोच मुलगा स्लाइड धुताना प्रयोगशाळेतल्या मामांना सांगत होता, "मामा, मीठ लावल्यावर कैरीच्या फोडींना पाणी सुटतं ना, तसं झालंय बघा. आतलं आकसून मधी गोळा झालं, भिंत हाय तिथंच हाय."

प्लास्मोलिसिसचं याहून चांगलं उत्तर मला त्या दिवशी कुणीच दिलं नव्हतं. बाकीच्यांनी पाठ केलेली व्याख्या म्हटली होती, याने घडलेलं पाहिलं होतं. त्याचे गुण मी बदलले. पण त्याआधीच्या वर्षांत किती जणांना अशी शून्यं दिली असतील, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

तेव्हापासून कुठलंही मूल अडलं की मी आधी एवढंच तपासत आले: याला ती गोष्टच माहीत नाही, की फक्त तिचं इंग्रजी नाव माहीत नाही? तुमच्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरंच असणार. बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'चा दुसरा भाग उघडून बघा. आनुवंशिकता, पेशीश्वसन, पेशीविभाजन, प्राण्यांचं वर्गीकरण, सगळं त्यात आहे आणि मुलांनी त्यावर परीक्षा दिलेली आहे. तुम्ही त्यांना नवं जीवशास्त्र शिकवत नाही आहात, निदान सुरुवातीचे काही महिने तरी. ओळखीच्या माणसांची नवी नावं सांगताय. त्याच पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पुढच्या वर्षी जूनमध्ये पहिले दहा-बारा दिवस या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचून घ्या. धडे तेच, आकृत्या त्याच. आकृतीवरचं 'केंद्रक' झाकायचं आणि 'न्यूक्लिअस' म्हणायचं. भीती निम्मी तिथेच उतरते.

मात्र एक सावधगिरी. प्रत्येक इंग्रजी वाक्य बोलून लगेच त्याचं मराठी सांगायची सवय लावून घेऊ नका. मुलं हुशार असतात. मराठी येणारच आहे म्हटल्यावर ती इंग्रजी ऐकणं सोडून देतात. मी पुढे असा क्रम ठेवला: गोष्ट आधी दाखवायची, तिच्याबद्दल मराठीत मनसोक्त बोलू द्यायचं, मग इंग्रजी शब्द द्यायचा, आणि तास संपायच्या आत तोच शब्द वापरून मुलाच्या तोंडून एक तरी इंग्रजी वाक्य काढून घ्यायचं. मराठी समजायला, इंग्रजी सांगायला. हे शेवटचं पाऊल आपण घाईत गाळतो, आणि शब्द तिथेच गळतो.

आता मराठी शब्दांविषयी. तुम्ही म्हणाल, 'आंतर्द्रव्यजालिका' हा शब्द तरी मुलांना कुठे आपला वाटतो? खरं आहे. तो पाठ करताना मुलांना तेवढाच त्रास झालेला असतो. पण तो फोडून बघा. आतला, द्रव्य, आणि जालिका म्हणजे छोटं जाळं. आता एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम फोडा. एंडो म्हणजे आत, प्लाझ्म म्हणजे पेशीतलं द्रव्य, रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये छोटं जाळं. तुकड्यास तुकडा जुळतो! मायटोकॉन्ड्रियाचंही तेच. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये हे नाव दिलं, कारण त्यांना ते कधी धाग्यासारखे तर कधी दाण्यांसारखे दिसले. ग्रीकमध्ये मायटोस म्हणजे धागा, कॉन्ड्रिऑन म्हणजे कण. आपली 'तंतुकणिका' हुबेहूब तीच. प्लॅटिहेल्मिंथिस म्हणजे चपटे कृमी, आणि आपल्या पुस्तकात चपटकृमी. एकायनोडर्माटा म्हणजे काटेरी कातडीचे, आपल्याकडे कंटकचर्मी. ज्यांनी हे मराठी शब्द घडवले त्यांनी मूळ शब्दाचा अर्थ जपून ठेवलाय. मराठी माध्यमातल्या मुलाकडे ही किल्ली आहे, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाकडे ती नसते. वर्गात हे मोठ्याने सांगा. साठ मुलांना पहिल्यांदा कळू द्या की आपल्याजवळ काही जास्तीचं आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन बघता येतात. एखाद्या शब्दाला मराठी प्रतिशब्द सुचला नाही तर तिथे शोधा, स्वतःचा बनवू नका, नाहीतर पुस्तकात एक आणि वहीत दुसरा असं होऊन बसतं.

याच वाटेने तुमच्या चाचणीतला घोळ सुटतो. मायटोसिस, मिऑसिस, ऑस्मोसिस या तिन्ही शब्दांची शेपटी एकच आहे. 'ओसिस' म्हणजे एखादी प्रक्रिया किंवा अवस्था. मुलं शेपूट ऐकतात आणि डोकं विसरतात. म्हणून डोकं दाखवा. मायटो म्हणजे धागा, आत्ता मायटोकॉन्ड्रियात भेटलेलाच. वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये विभाजनाच्या वेळी केंद्रकात दिसणाऱ्या धाग्यांवरूनच हा शब्द योजला, आणि आपण त्याला 'सूत्री' विभाजन म्हणतो. सूत्र म्हणजे धागाच. मिऑसिस म्हणजे ग्रीकमध्ये घट, कमी होणं. गुणसूत्रं निम्मी होतात, म्हणून मराठीत 'अर्धगुणसूत्री'. ऑस्मोस म्हणजे ढकलणं. एकदा हे बसलं की मूल परीक्षेत अंदाज करत नाही.

आणि हे तीन शब्द एकाच आठवड्यात पहिल्यांदा शिकवू नका. दिसायला-ऐकायला सारखे शब्द एकत्र दिले की ते एकमेकांत अडकतात, फरक करून दाखवण्याच्या नादात आपणच गाठ मारतो. युरेटर आणि युरेथ्रा, हायपो आणि हायपर, झायलम आणि फ्लोएम यांचंही तसंच आहे. पुस्तक जोडीने देतं म्हणून आपणही जोडीने दिलं पाहिजे असं नाही. झायलमवर दोन दिवस बोला, ते पक्कं होऊ द्या, मग फ्लोएम आणा. तुलनेचा तक्ता सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या जिल्ह्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

तुमची मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. सोयाबीन पेरायच्या आधी बियाण्याला काय लावतात, त्यांना विचारा. रायझोबियम, असं उत्तर येईल. कुणी 'कल्चर' म्हणेल. हळदीला कंदकुज लागू नये म्हणून? ट्रायकोडर्मा. कृषी सेवा केंद्रात आणखी कुठली पुडी मिळते? मायकोरायझा. म्हणजे ज्या मुलांना इंग्रजी शब्द जड जातात असं आपण म्हणतो, ती मुलं आठवी-नववीपासून दुकानदाराकडे ग्रीक शब्द मागतायत, आणि बरोबर उच्चार करून मागतायत! त्यांना कुणी सांगितलेलं नाही इतकंच. रायझो म्हणजे मूळ. म्हणून मुळांच्या गाठीत राहणारा तो रायझोबियम. मायको म्हणजे बुरशी, म्हणून मायकोरायझा म्हणजे बुरशी आणि मूळ यांची सोबत. ट्रायको म्हणजे केस आणि डर्मा म्हणजे त्वचा. आता अकरावीचं पुस्तक उघडा: रायझॉइड, रायझोपस, ट्रायकोम, एपिडर्मिस, एकायनोडर्माटा. सगळी त्याच पुड्यांची भावंडं.

एक दिवस सांगा, घरातल्या खत-औषधांच्या पिशव्यांवरचे शब्द वहीत उतरवून आणा. रिकाम्या बाटल्या मात्र वर्गात आणायला सांगू नका, त्यात विष असतं. नावं लिहून आणली की पुरे. फंगिसाइड, इन्सेक्टिसाइड, हर्बिसाइड येतील. 'साइड' म्हणजे मारणारं, हे मुलं स्वतःच सांगतील. बीटी कपाशीतल्या बीटीचं पूर्ण नाव बॅसिलस थुरिन्जिएन्सिस. भारतात या कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे तुमच्या मुलांच्या जन्माआधीपासून ते नाव त्यांच्या घरात आहे. बॅसिलस म्हणजे काठीच्या आकाराचा जिवाणू. बोंडअळीचा जीवनक्रम त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल: अंडी, अळी, कोष, पतंग. तिथे लार्व्हा आणि प्यूपा हे शब्द ठेवायला जागा तयारच आहे.

दुसरी फेरी दवाखान्यांच्या पाट्यांची. तालुक्याच्या गावातून बसने येताना मुलं रोज त्या वाचतात. डर्माटॉलॉजिस्ट, म्हणजे पुन्हा तो डर्मा. कार्डिओलॉजिस्ट, तिथून पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. गायनॅकॉलॉजिस्टमधला गायनो म्हणजे स्त्री, म्हणून जास्वंदाच्या फुलातलं जायांग ते गायनोशियम, आणि पुमंग ते अँड्रोशियम. आजीला संधिवात आहे, डॉक्टर आर्थ्रायटिस म्हणतात. आर्थ्रो म्हणजे सांधा. मग आर्थ्रोपोडा म्हणजे सांधे असलेल्या पायांचे, संधिपाद. खेकडा, विंचू, झुरळ. यातला 'पोड' आणि आपला 'पाद' हे तर मुळात एकाच घरातले शब्द आहेत; ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एका कुळातल्या. डेंटल आणि दंत, पेंटा आणि पंच, ऑक्टो आणि अष्ट, ट्राय आणि त्रि. हृदयाची ट्रायकस्पिड झडप आपली त्रिदल झडप. जीन आणि जनुक यांत तर मुद्दाम जन्माचा तोच धागा ठेवलाय. मुलांना या गोष्टी सांगितल्या की त्यांचे डोळे बदलतात. मी पाहिलंय.

मुळं शोधायच्या या खेळात कधीकधी फसगतही होते, हे मात्र सांगून ठेवा. ऑर्थोपेडिक दवाखान्यात हाडं बसवतात म्हणून मुलं 'ऑर्थो म्हणजे हाड' धरून बसतात. खरं म्हणजे ऑर्थो म्हणजे सरळ, हाड म्हणजे ऑस्टिओ. क्रोमोसोम हा शब्द वाल्डायर यांनी १८८८ मध्ये दिला, त्याचा अर्थ रंगीत पिंड, कारण रंगद्रव्याने तो गडद रंगतो. आपला 'गुणसूत्र' वेगळ्याच विचारातून आलाय. तिथे तुकडे जुळवायला जाऊ नका, दोन्ही अर्थ सांगा.

एका धड्यात पन्नास-साठ शब्द आहेत म्हणता. सगळ्यांना सारखी मेहनत देऊ नका. ज्यांच्यावाचून धडा उभा राहत नाही असे बारा-पंधरा निवडा, बाकीचे वाचताना भेटत राहतील. या बारा शब्दांसाठी वहीत चार चौकोनांची पद्धत वापरा. विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ती मांडली. माझ्या वर्गात मी तिला असं वळण दिलं: एका चौकोनात चित्र, दुसऱ्यात मराठी नाव आणि ओळखीचं उदाहरण, तिसऱ्यात स्वतःचं इंग्रजी वाक्य, चौथ्यात 'हे नव्हे'. चौथा चौकोन सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कामाचा. 'बल्ब'च्या पानावर कांदा काढला आणि 'हे नव्हे'मध्ये बटाटा, तर त्या मुलाला समजलंय. मग तेच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पाच-पाच मिनिटं परत विचारा, वही मिटून. एकाने नाव न घेता वर्णन करायचं, दुसऱ्याने नाव सांगायचं.

स्पेलिंगची फार काळजी करू नका, उच्चार आधी. देवनागरीत उच्चार अचूक लिहिता येतो, ही आपली सोय आहे. पहिल्या सत्रात शब्दावर पेन्सिलीने उच्चार लिहू द्या, दिवाळीनंतर खोडायला सांगा. थोड्याच खोडी माहीत असाव्या लागतात: पी-एच म्हणजे फ, टेरिडोफायटाच्या सुरुवातीचा पी मुका, झायलम एक्सपासून. अनेकवचनं मात्र लवकर शिकवा, नाहीतर पानावरचं एक छिद्र म्हणजे स्टोमा आणि अनेक छिद्रं म्हणजे स्टोमाटा, हे मुलांना दोन वेगळे अवयव वाटतात.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते, आणि ती तुमच्या पत्रात आलेली नाही. मोठे पारिभाषिक शब्द निदान पुस्तकात ठळक छापलेले असतात. मुलं अडतात ती साध्या शब्दांशी. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि पुढे ब्रिटनमध्ये अभ्यासकांनी शाळकरी मुलांना तपासलं, तेव्हा इंग्रजी घरात बोलणारी मुलंसुद्धा विज्ञानाच्या पुस्तकातल्या साध्या, बिगर-पारिभाषिक शब्दांवर अडखळताना दिसली. मग आपल्या मुलांचं काय सांगावं! 'व्हेअरएज', 'हेन्स', 'कन्सिस्ट्स ऑफ', 'गिव्ह्ज राइज टू' यांचा अर्थ कुणी शिकवतच नाही. प्रश्नपत्रिकेतल्या 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय', 'स्टेट' या क्रियापदांचाही नाही; येणाऱ्या उत्तराचे गुण तिथे जातात. सेल म्हटलं की घड्याळातला सेल किंवा दुकानातला सेल आठवतो, टिश्यू म्हटलं की लग्नातला कागदी रुमाल. ते हसण्यावारी नेऊ नका. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात छोट्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना सेल म्हटलं, ही गोष्ट सांगा म्हणजे तिसरा अर्थ बसतो. आणखी एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपलं मूल इंग्रजी वाक्याच्या शेवटापर्यंत क्रियापदाची वाट बघतं आणि तोवर सगळंच निसटतं. लांब वाक्य दिसलं की आधी क्रियापदाखाली रेघ, मग कोण, मग काय. रोज एकच वाक्य असं सोडवा, फळ्यावर, सगळ्यांनी मिळून.

प्राचार्यांशी वाद घालू नका, काम दाखवा. त्यांची काळजी खोटी नाही. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि पुढचं वैद्यकीय शिक्षणही. त्यांना सांगा, एक धडा मी माझ्या पद्धतीने घेते, दुसरा तुमच्या, आणि दोन्हींच्या चाचण्या तुम्हीच तपासा. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा पेपर मराठीतही देता येतो, हे त्यांच्या कानावर घाला. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात आणि मराठी पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही सोबत छापलेला असतो. दोन्ही नावं येणारं मूल तिथे दुप्पट खात्रीने वाचू शकतं.

आता ती मुलगी. तिला बाजूला बोलावून समजूत घालायच्या भानगडीत पडू नका. चांगल्या गुणांच्या मुलांना कीव लगेच कळते. सोमवारी येताना हळदीचं बेणं घेऊन या, ओल्या मातीचं असलं तरी चालेल. तिच्या हातात द्या आणि मराठीत विचारा, हे मूळ की खोड? ती हळदीच्या शेतातली असेल तर तिने ते हजारदा हाताळलंय. पेरं दाखवेल, डोळे दाखवेल, खवल्यासारखी पानं दाखवेल, आणि म्हणेल, खोड. मग फळ्यावर 'रायझोम' लिहा आणि साऱ्या वर्गासमोर तिलाच विचारा: रायझो म्हणजे मूळ, हे आपण शिकलोय, मग खोडाला हे नाव का दिलं असेल? तिला मराठीत बोलू द्या, कितीही वेळ लागला तरी मध्ये बोलू नका. शेवटी तिने 'रायझोम इज अ स्टेम' एवढे चार शब्द इंग्रजीत म्हटले तरी त्या दिवशीचा तास झाला. ती काय उत्तर देते, ते मला जरूर कळवा.